आईबापांना वकील कोण देतं?

प्रश्न : इंग्रजी सिनेमात पोलीस कुणाला बेड्या घालतात तेव्हा हमखास सांगतात, की तुला वकील घेण्याचा हक्क आहे आणि परवडत नसेल तर सरकार देईल. माझी भाची न्यू जर्सीत असते. ती म्हणते, तिकडे शाळेतून नुसता एक फोन गेला तरी सरकारी माणसं घरी चौकशीला येतात आणि वेळप्रसंगी मूल घेऊनही जातात. अशा वेळी गरीब आईबापांना सरकार वकील देतं का? की तो हक्क फक्त आरोपींसाठी आहे? आणि आपल्याकडे काय सोय आहे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या प्रश्नानं अमेरिकेतल्या न्यायव्यवस्थेच्या एका दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं आहे. थोडक्यात उत्तर असं : चोरीच्या आरोपावरून तुरुंगात जायची वेळ आली, तर अमेरिकेची राज्यघटना गरिबाला वकील देते. पोटचं मूल कायमचं जायची वेळ आली, तर तीच राज्यघटना तशी सरसकट हमी देत नाही. ही उणीव बहुतेक राज्यांनी आपापल्या कायद्यांनी भरून काढली आहे. पण वकील कोणत्या टप्प्यावर मिळणार, त्याच्या हाताशी वेळ किती असणार आणि सोबतीला आणखी कोणी असणार का, हे राज्यागणिक बदलतं, काही ठिकाणी तर कौंटीगणिक. आता सविस्तर पाहू.

सिनेमातला हक्क आला कुठून?

फ्लोरिडात क्लॅरेन्स अर्ल गिडियन नावाच्या माणसावर एका पूल-रूममध्ये शिरून चोरी केल्याचा आरोप होता. त्यानं न्यायाधीशांकडे वकील मागितला, तो मिळाला नाही. स्वतःच स्वतःची बाजू मांडून तो हरला आणि त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून पेन्सिलीनं लिहिलेला अर्ज त्यानं सुप्रीम कोर्टाकडे पाठवला. १९६३ साली कोर्टानं एकमतानं ठरवलं, की गंभीर फौजदारी गुन्ह्यात गरीब आरोपीला सरकारनं वकील द्यायलाच हवा. खटला नव्यानं चालला, या वेळी गिडियनच्या बाजूनं वकील होता आणि तो निर्दोष सुटला. पुढं १९६६ च्या मिरांडा निकालानं ताब्यातल्या माणसाची चौकशी करण्याआधी त्याला हे हक्क सांगणं पोलिसांवर बंधनकारक केलं. सिनेमात तुम्ही ऐकता ते तिथून आलं.

हे सगळं फौजदारी खटल्यांपुरतं. मुलाचा ताबा काढून घेण्याचा खटला दिवाणी समजला जातो. तिथं कुणाला तुरुंगात टाकायचं नसतं, म्हणून गिडियनचा हक्क तिथवर पोचत नाही.

मूल घरातून जातं ते कसं?

शिक्षक, डॉक्टर, नर्स यांना मुलाच्या बाबतीत काही संशय आला, तर तो कळवणं अमेरिकेत कायद्यानं सक्तीचं आहे. त्यांचा किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा फोन गेला, की बालसंरक्षण खात्याचा कर्मचारी घरी येतो. हे किती सर्रास घडतं याचा अंदाज २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून येतो : अमेरिकेतल्या सुमारे ३७ टक्के मुलांच्या घराची वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत एकदा तरी अशी चौकशी होते, कृष्णवर्णीय मुलांमध्ये हे प्रमाण ५३ टक्के आहे. बहुतेक चौकश्या तिथंच संपतात. ज्या संपत नाहीत, त्यांतल्या काही घरांतून मूल उचललं जातं आणि फोस्टर केअरमध्ये, म्हणजे नातेवाइकांकडे, परक्या कुटुंबात किंवा संस्थेत, तात्पुरत्या सांभाळासाठी ठेवलं जातं. २०२२ च्या सप्टेंबरअखेर अशी सुमारे ३ लाख ६८ हजार मुलं होती.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मारहाण, लैंगिक अत्याचार असे प्रकार डोळ्यांसमोर येतात खरे, पण ज्या मुलांच्या बाबतीतली तक्रार खरी ठरते, त्यांतल्या जवळजवळ तीन-चतुर्थांश मुलांबाबत ठपका असतो तो हेळसांडीचा. हेळसांड या एका सदरात पुष्कळ काही बसतं. नशेत पडलेल्या आईशेजारी दोन दिवस उपाशी राहिलेलं तान्हं मूल त्यात येतं. आणि रात्रपाळीला जाताना सांभाळायला कोणी नाही म्हणून नऊ वर्षांच्या मुलीवर धाकट्याला सोपवून गेलेली आईही त्यात येते. पहिल्या घरातून मूल काढणं गरजेचं असू शकतं. दुसऱ्या घराला पाळणाघर हवं असतं. कोणतं घर पहिल्यासारखं आणि कोणतं दुसऱ्यासारखं, हे कोर्टात कुणीतरी मुद्देसूद मांडावं लागतं. वकिलाचं पहिलं काम हेच.

मूल नेल्यावर काही दिवसांतच पहिली सुनावणी होते. खात्याच्या बाजूनं वकील असतो. १९७४ च्या केंद्रीय कायद्यानं राज्यांना निधी देताना अट घातली, की अशा खटल्यात मुलाची बाजू पाहणारा प्रतिनिधी नेमावा. त्यामुळं मुलासाठीही कोणीतरी असतं. आईबापांसाठी मात्र त्या कायद्यानं अशी अट घातली नाही. भरल्या कोर्टात ज्यांचं सर्वांत जास्त पणाला लागलेलं, तेच एकटे असण्याची शक्यता इथून सुरू होते.

सुप्रीम कोर्टानं वकिलाचा हक्क का नाकारला?

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा खटला नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहॅम कौंटीतला, ‘लॅसिटर विरुद्ध समाजसेवा विभाग’. १९७५ साली कोर्टानं लॅसिटर या आईच्या तान्ह्या मुलाची हेळसांड झाल्याचं ठरवून त्याचा ताबा खात्याकडे दिला. वर्षभरानं आईला खुनाच्या गुन्ह्यात मोठी शिक्षा झाली. १९७८ मध्ये खात्यानं अर्ज केला, की या मुलावरचे तिचे पालक म्हणून असलेले सर्व हक्क कायमचे संपुष्टात आणावेत. असा हुकूम झाला, की आई कायद्यापुरती परकी होते. भेटीचा, पत्राचा, मूल कुठं आहे हे विचारण्याचासुद्धा हक्क उरत नाही.

अर्जाची नोटीस तिला तुरुंगात मिळाली. त्या ऑगस्टअखेर तिला सुनावणीसाठी कोर्टात आणलं. सोबत वकील नव्हता. वकील शोधायला तिला पुरेसा अवधी होता, असं म्हणून न्यायाधीशांनी कामकाज पुढं चालवलं. खात्याच्या वतीनं एका समाजसेविकेनं साक्ष दिली. त्या साक्षीत ऐकीव गोष्टीही होत्या. वकील असता तर त्यानं तिथल्या तिथं हरकत घेतली असती. मग न्यायाधीशांनी त्या आईला सांगितलं, की आता साक्षीदाराची उलटतपासणी घे.

उलटतपासणी ही शिकून येणारी गोष्ट आहे. प्रश्न विचारायचा, आपलं म्हणणं सांगायचं नाही, हा तिचा पहिला नियम. लॅसिटरला तो कुठून ठाऊक असणार? ती प्रश्नाच्या जागी आपली कहाणी सांगू लागे आणि न्यायाधीश तिला थांबवत. मुलाला माझ्या आईकडे द्या, माझी बाकीची मुलंही तिच्याचकडे आहेत, असं तिचं म्हणणं होतं. आजीनंही साक्ष दिली. ती मुलाला सांभाळू शकेल की नाही, हा त्या दिवशीचा खरा कळीचा प्रश्न. पण तो नीट उलगडून दाखवणारं कोणी नव्हतं. हक्क संपल्याचा हुकूम झाला.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १ जून १९८१ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती पॉटर स्ट्यूअर्ट यांनी लिहिला. त्याचा गाभा असा : माणसाचं शारीरिक स्वातंत्र्य जाणार असेल तेव्हाच सरकारी वकिलाचा हक्क गृहीत धरता येतो, इतर वेळी वकील आवश्यक होता की नाही, हे खालच्या कोर्टानं त्या त्या खटल्यापुरतं ठरवावं. लॅसिटरच्या खटल्यात वकील असता तरी निकाल फिरला नसता, असं बहुमताला वाटलं. त्याच निकालपत्रात हेही नोंदवलं आहे, की ३३ राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन अशा प्रसंगी कायद्यानं वकील देतात आणि शहाणपणाचं धोरण राज्यघटनेच्या किमान अटीपेक्षा पुढं जाऊ शकतं.

असहमत न्यायमूर्तींपैकी हॅरी ब्लॅकमन यांनी त्या सुनावणीचा तपशील आपल्या निकालपत्रात मांडला. वकील नसलेल्या आईनं कोर्टात कसे हातपाय मारले, हे आज आपल्याला समजतं ते मुख्यतः त्यामुळं.

माझं स्पष्ट मत आहे, की बहुमताची कसोटी इथं चुकली. वकिलानं काय फरक पडला असता, हे वकिलाविना झालेल्या सुनावणीचे कागद वाचून ठरवणं अशक्य आहे. जो साक्षीदार बोलावलाच गेला नाही, जी हरकत घेतलीच गेली नाही, जो प्रश्न विचारलाच गेला नाही, त्याची नोंद कागदावर कशी सापडणार? पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, ‘सँटोस्की विरुद्ध क्रेमर’ या खटल्यात याच कोर्टानं सांगितलं, की पालकांचे हक्क संपवायचे तर पुरावा स्पष्ट आणि खात्रीलायक हवा. हे स्वागतार्हच होतं. पण पुरावा त्या तोलाचा नाही, हे दाखवून देणारा माणूस गरीब आईला द्यायचं बंधन मात्र कोर्टानं कुणावर घातलं नाही.

मग आज तिथं वकील मिळतो की नाही?

बहुतेक ठिकाणी मिळतो. काही राज्यं तर लॅसिटरच्याही आधीपासून देत होती. न्यू यॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७२ सालीच हा हक्क मान्य केला होता. तुमच्या भाचीच्या न्यू जर्सीत सत्तरच्या दशकातल्या कोर्टाच्या निकालांनी तो मिळाला आणि आज तिथल्या पब्लिक डिफेंडर कार्यालयात गरीब आईबापांच्या वकिलीसाठी वेगळा विभाग आहे. नॉर्थ कॅरोलायनातही आता कायद्यानं वकील मिळतो. अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातींची मुलं पिढ्यान् पिढ्या मोठ्या संख्येनं घरांतून काढली गेली. ते थांबवण्यासाठी १९७८ साली जो केंद्रीय कायदा झाला, त्यात गरीब पालकाला वकील देण्याची तरतूद स्पष्ट शब्दांत आहे. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो कायदा उचलून धरला.

पण हक्क कागदावर असणं आणि वकील वेळेवर भेटणं यांत मोठं अंतर आहे. अनेक ठिकाणी आईची आणि वकिलाची पहिली गाठ कोर्टाच्या व्हरांड्यात, सुनावणीच्या काही मिनिटं आधी पडते. वकिलाकडे खटल्यांचा ढीग असतो आणि मोबदला तुटपुंजा. घरी कोण कोण असतं, मूल कुणाच्या अंगाखांद्यावर वाढलं, शेजारची मावशी चार दिवस सांभाळायला तयार आहे का, हे विचारायला त्याला सवडच नसते.

इकडे घड्याळ चालू असतं. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्यानुसार मूल मागच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने फोस्टर केअरमध्ये असेल, तर आईबापांचे हक्क संपवण्याचा अर्ज राज्यानं करावा, असा दंडक आहे. त्याला काही अपवाद आहेत. हेतू वाईट नव्हता. मुलं वर्षानुवर्षं एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहू नयेत, म्हणून ही मुदत आली. पण गरीब आईच्या बाजूनं या १५ महिन्यांचा हिशेब मांडून पाहा. कोर्ट तिला कामांची यादी देतं : पालकत्वाचा वर्ग, समुपदेशन, नशामुक्तीची तपासणी, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी कार्यालयात कर्मचाऱ्यासमोर मुलाची भेट आणि राहायला योग्य घर. वर्ग शहराच्या एका टोकाला, भेट दुसऱ्या टोकाला. ती दुकानात किंवा हॉटेलात तासाच्या मजुरीवर कामाला. रजा मागितली तर मजुरी बुडते, पुन्हा मागितली तर काम जातं. काम गेलं की भाडं थकतं आणि ‘योग्य घर’ हातचं सुटतं. भेट चुकली, तर फाइलमध्ये नोंद होते की आईला मुलात रस नाही. सरकारी घरासाठीची रांग तर कित्येक शहरांत त्या मुदतीपेक्षाही लांब असते. भेटीची वेळ बदलून द्या, वर्ग घराजवळचा द्या, घराची अडचण खात्यानं सोडवावी असा हुकूम करा, हे कोर्टापुढं मागणारं कोणी नसेल, तर गरिबी हाच पुरावा होऊन बसतो.

चांगला वकील दिला, तर मूल धोक्यात नाही का येणार?

ही शंका प्रामाणिक आहे आणि तिला नुसत्या तत्त्वज्ञानानं उत्तर देऊन भागत नाही. सुदैवानं न्यू यॉर्क शहरात याची पडताळणी झाली. २००७ पासून शहरानं गरीब आईबापांच्या वकिलीचं बरंचसं काम ब्रॉन्क्स डिफेंडर्स, सेंटर फॉर फॅमिली रिप्रेझेंटेशन यांसारख्या संस्थांकडे सोपवलं. तिथं एकटा वकील नसतो. त्याच्यासोबत सामाजिक कार्यकर्ता असतो आणि बऱ्याचदा ‘पेरेंट ॲडव्होकेट’ असतो, म्हणजे पूर्वी स्वतःचं मूल असंच गेलेलं आणि लढून परत मिळवलेलं माणूस. कोर्ट ज्यांना एकेका खटल्यापुरतं नेमतं, ते पॅनेलवरचे स्वतंत्र वकीलही आपल्या जागी काम करत होते. त्यामुळं दोन्ही पद्धतींची तुलना शक्य झाली.

२००७ ते २०१४ या काळातल्या ९,५८२ कुटुंबांचा आणि त्यांच्या १८,२८८ मुलांचा माग संशोधकांनी काढला. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वकील, कार्यकर्ता अशा चमूनं ज्यांची बाजू मांडली, त्यांची मुलं पुढच्या चार वर्षांत सरासरी ११८ दिवस कमी फोस्टर केअरमध्ये राहिली. पहिल्या वर्षातच घरी परतण्याचं प्रमाण त्यांच्यात ४३ टक्क्यांनी जास्त होतं. आणि तुमच्या शंकेचं उत्तर : घरी परतलेल्या मुलांच्या सुरक्षिततेत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. मुलं लवकर घरी आली आणि त्यामुळं धोका वाढला नाही.

असं का घडत असावं, ते समजायला अवघड नाही. चमूतला कार्यकर्ता आईबरोबर घरी जातो. पाळणा नाही, फ्रिज बंद, खिडकीला गज नाहीत, छत गळतं. यांतलं काय मुलाच्या जिवावर बेतणारं आणि काय चार दिवसांत दुरुस्त होणारं, याची तो यादी करतो. वकील ती कोर्टापुढं ठेवतो : पाळणा आला, ही पावती, घरमालकाला दुरुस्तीची नोटीस दिली, ही प्रत, रात्रपाळीच्या वेळी आजी येणार, हे तिचं प्रतिज्ञापत्र. न्यायाधीशांना निर्णय घ्यायला ठोस काही मिळतं. एरवी त्यांच्यासमोर एका बाजूला खात्याचा अहवाल आणि दुसऱ्या बाजूला रडणारी आई, एवढंच असतं. मूल घरी सुरक्षित राहणार नसेल, तर तेही अशा पारखून घेतलेल्या माहितीतून जास्त लवकर उघड होतं. आईबापांचा वकील मुलाच्या विरोधात उभा नसतो. मुलाबद्दलचा निर्णय चुकू नये, म्हणूनच तो हवा असतो.

याच्याही एक पाऊल पुढं डेट्रॉइटमध्ये प्रयोग झाला. मिशिगन विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक विवेक शंकरन यांनी २००९ मध्ये तिथं एक केंद्र सुरू केलं. खटला उभा राहण्याआधीच आईबापांना वकील द्यायचा, ही त्याची कल्पना. घरमालक घराबाहेर काढतोय, मारकुट्या नवऱ्यापासून संरक्षणाचा हुकूम हवाय, आजीला कायदेशीर पालकत्व मिळालं तर मूल तिच्याकडे राहू शकतं, असे गुंते त्या केंद्रानं सोडवले. पहिल्या तीन वर्षांत घरातून काढली जाण्याची भीती असलेली ११० मुलं या केंद्राच्या हाताखालून गेली. त्यांतलं एकही फोस्टर केअरमध्ये गेलं नाही.

पैशाचा प्रश्नही थोडा हलका झाला आहे. पूर्वी केंद्राचा फोस्टर केअरचा निधी आईबापांच्या वकिलीवर खर्च करता येत नसे. २०१९ च्या सुरुवातीपासून धोरण बदललं. पात्र प्रकरणांत आईबापांच्या आणि मुलांच्या वकिलांच्या खर्चातला निम्मा वाटा राज्यांना केंद्राकडून मागता येतो. मागायचा की नाही, हे मात्र राज्यांच्या हाती.

इतर देश काय करतात?

कॅनडाच्या सुप्रीम कोर्टासमोर १९९९ साली न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या एका गरीब आईचा खटला आला. तिच्या तीन मुलांचा ताबा आणखी सहा महिने सरकारकडे ठेवायचा होता आणि तिथल्या विधी साहाय्याच्या नियमांत तिला वकील बसत नव्हता. कोर्टानं सांगितलं, की अशा सुनावणीत आईचं फार मोठं काही पणाला लागतं आणि वकिलाविना ती न्याय्य होऊ शकत नाही. सरकारनं वकील द्यायला हवा होता. लॅसिटरमध्ये मुलावरचा हक्क कायमचा जात होता, इथं प्रश्न सहा महिन्यांचा होता. तरीही कॅनडानं वकील दिला. इंग्लंडमध्ये सरकार मुलाचा ताबा मागतं, तेव्हा आईबापांना सरकारी खर्चानं वकील मिळतो आणि त्यासाठी त्यांची मिळकत पाहिली जात नाही. नॉर्वेतही तसंच आहे.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे असे निर्णय २०१५ च्या बालन्याय कायद्याखालच्या बालकल्याण समित्या घेतात. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती. तिला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे तत्त्व कायद्यातच लिहिलेलं आहे. गरीब घरात मूल राहू शकावं, म्हणून महाराष्ट्राची बालसंगोपन योजना आहे. पात्र मुलामागं तिच्यातून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. गरिबी हे मूल काढून घेण्याचं कारण होऊ नये, हा विचार आपल्या कायद्यात आणि योजनेत दोन्हीकडे आहे.

वकिलाच्या बाबतीत आपला कायदा अमेरिकेपेक्षा उदार आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९७६ मध्ये राज्यघटनेत कलम ३९-क आलं आणि मोफत विधी साहाय्य हे राज्याचं कर्तव्य ठरलं. त्यावर आधारलेला विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्यानुसार कोणत्याही स्त्रीला आणि मुलाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, कोठडीतली माणसं यांनाही. इतर पुरुषांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. शिवाय या कायद्यातल्या ‘न्यायालया’च्या व्याख्येत न्यायिक किंवा अर्धन्यायिक काम करणारी प्राधिकरणं येतात, म्हणजे बालकल्याण समितीसमोर जायचं असलं, तरी आईला वकील मागता येतो.

कमतरता आहे ती माहितीची आणि मागणीची. ऊसतोडीला गेलेल्या, वीटभट्टीवरच्या किंवा स्टेशनाजवळ राहणाऱ्या आईबापांचं मूल संस्थेत गेलं, तर ते समितीच्या दारात हेलपाटे घालतात, रोजंदारी बुडवतात, ‘आधारकार्ड आणा, रहिवासाचा पुरावा आणा’ हे ऐकून परत जातात. आपल्याला सोबत वकील नेता येतो, हे त्यांना सांगणारं कोणी भेटत नाही. समितीच्या दालनाबाहेर विधी सेवा प्राधिकरणाचा वकील ठरलेल्या दिवशी हजर असावा आणि मूल दाखल होताच आईबापांना या हक्काची लेखी माहिती मराठीत मिळावी, एवढं झालं तरी पुष्कळ घरं सावरतील. त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही.

शेवटी, दोन्हीकडच्या वाचकांना काही व्यावहारिक सूचना. अमेरिकेतल्या नातेवाइकांना सांगा : कर्मचारी घरी आला तर भांडू नका, पण कागदावर सही करण्यापूर्वी वकिलाशी बोला. पहिल्याच तारखेला न्यायाधीशांना स्पष्ट सांगा, की मला वकील हवा आहे आणि परवडत नाही. इंग्रजी अडत असेल तर मराठी दुभाषा मागा. नोकरी चांगली असेल तर सरकारी वकील मिळणार नाही; तेव्हा बालकल्याणाचे खटले नेहमी चालवणाराच वकील शोधा, घटस्फोटाचा किंवा व्हिसाचा वकील इथं पुरत नाही. मूल भारतीय नागरिक असेल तर भारतीय वाणिज्य दूतावासाला लगेच कळवा. मुलाला सांभाळू शकतील अशा नातेवाइकांची नावं आणि फोन पहिल्याच दिवशी लिहून द्या.

आणि इथं, महाराष्ट्रात : आपल्या ओळखीत, कामवाल्या मावशींच्या घरी, वस्तीत असा प्रसंग आला, तर १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत क्रमांक लावून द्या किंवा त्या आईला घेऊन जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. तालुक्याच्या कोर्टातही तालुका समिती असते. मूल समितीकडे स्वेच्छेनं सुपूर्द केलेल्या आईबापांना फेरविचाराला ६० दिवसच मिळतात आणि समितीच्या आदेशावर अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. म्हणून दिवस मोजत बसू नका. वकील मागणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे. तो आईचा हक्क आहे, आणि तिनं तो पहिल्याच दिवशी मागावा.